कुंपणापलीकडचे आजोबा : इंग्लंडच्या खेड्याबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी आमच्या शेजारच्या शेतकरी आजोबांबद्दल दोन पानं लिहिली आणि त्यावर इतकी पत्रं आली, ईमेल आले, की संपादक म्हणाले ताई आता उत्तरं पण तुम्हीच द्या. ज्यांनी तो अंक वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमचं गाव इंग्लंडच्या पश्चिमेला श्रॉपशायर काउंटीत आहे, वेल्सची हद्द जवळच, सगळा डोंगराळ आणि मेंढरांचा भाग. मी मूळची सातारा जिल्ह्यातली, माण तालुका. इथे येऊन एकोणीस वर्षं झाली, नर्स आहे, गावोगाव लोकांच्या घरी जाऊन ड्रेसिंग, इंजेक्शन करायचं माझं काम. आजोबा आता ७८ वर्षांचे, १८० एकर जमीन, मेंढ्या आणि थोडी गुरं. इथे त्यांना सगळे, अगदी शाळेतली पोरंसुद्धा, नुसत्या पहिल्या नावाने हाक मारतात. माझी जीभ काही तशी वळेना, पहिली दोन वर्षं मी त्यांचं नाव घ्यायचंच टाळलं. इथे आपण आजोबाच म्हणूया.

१८० एकर म्हणजे आमच्याकडे जमीनदार झाला! वर सरकार पैसे देतं. मग तिकडचे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर का उतरतात? (एक वाचक, कोल्हापूर)

दादा, हा प्रश्न मलाही पहिल्या वर्षी पडला होता. आमच्या घरी सहा एकर, त्यातली चार कोरडवाहू, त्यामुळे १८० ऐकलं की डोळे विस्फारायचे. पण ही डोंगरउताराची जमीन आहे, वर पातळ माती, त्यात गहू होत नाही, गवत होतं, आणि गवताचे पैसे मेंढीच्या पोटातूनच निघतात. आजोबांनी एकदा स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडून दाखवली मला, चांगल्या वर्षी सगळा खर्च जाऊन हातात राहतं ते इथल्या शाळामास्तराच्या पगाराएवढं, वाईट वर्षी काहीच नाही. आणि त्यात दोन माणसं राबतात, आजी गेल्यापासून एक.

सरकारी पैशांचं म्हणाल तर युरोपियन युनियनमध्ये असताना एकरावर पैसे मिळायचे, जेवढी जमीन तेवढे. २०१६ ला सार्वमत झालं, बाहेर पडले, आणि २०२१ पासून ते पैसे दरवर्षी कमी करत आणले. त्याऐवजी नवीन योजना आणली की पक्ष्यांसाठी कुंपणं राखा, माती सांभाळा, फुलांची कुरणं ठेवा मग पैसे देतो. मला हे पटतं, कारण इथली फुलांची कुरणं १९३० नंतर जवळजवळ सगळी गेली, ९७ टक्के गेली असं सांगतात. पण मार्च २०२५ मध्ये त्यातल्या मुख्य योजनेचे नवीन अर्ज एकदम बंद केले, पैसे संपले म्हणून. आजोबांचा अर्ज अर्धा भरलेला लॅपटॉपवर तसाच राहिला, माझा मुलगा त्यांना भरून देत होता.

आता ट्रॅक्टर. आधी शेतजमीन बापाकडून मुलाकडे जाताना वारसा कर लागायचा नाही. ऑक्टोबर २०२४ च्या बजेटमध्ये जाहीर झालं की एप्रिल २०२६ पासून १० लाख पाउंडांच्या वरच्या शेतीवर २० टक्के द्यावे लागणार. ऐकायला १० लाख पाउंड म्हणजे केवढे, पण इथे जमीन एकरी आठ-दहा हजार पाउंडांच्या घरात आहे, शहरातले श्रीमंत लोक कर वाचवायला जमिनी घेतात त्यानेही भाव चढतो. म्हणजे कागदावर आजोबा कोट्यधीश आणि अंगात वीस वर्षांपूर्वीचं जॅकेट. पुण्याच्या रिंगरोडला लागून ज्यांची वडिलोपार्जित जमीन आहे ना त्यांना हे बरोबर कळेल, विकली तर पैसा, नाही विकली तर तीच ज्वारी. आजोबा आयुष्यात तीनदा लंडनला गेलेत, त्यातली तिसरी खेप १९ नोव्हेंबर २०२४ च्या मोर्चाची, गुडघ्याला पट्टा बांधून. शेवटी डिसेंबर २०२५ मध्ये सरकारने ती मर्यादा २५ लाखांपर्यंत वाढवली. आमच्या आजोबांची सुटका झाली त्यात.

माझं मत विचाराल तर, कर वाचवायला जमीन घेणाऱ्यावर कर लावायलाच पाहिजे, पण जो स्वतः त्या चिखलात उभा राहतो त्याला आणि त्या दुसऱ्याला एकाच मापाने मोजणं हा अन्याय होता. आजोबांचा पणजोबा कूळ होता, एका मोठ्या इस्टेटीचं. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडभर अशा इस्टेटी विकायला निघाल्या तेव्हा त्यांच्या आजोबांनी कर्ज काढून ही जमीन घेतली आणि ते कर्ज फिटायला तीस वर्षं लागली. कसेल त्याची जमीन हे आपल्याला कायद्याने दिलं, त्यांनी ते हप्त्यांनी घेतलं. त्यामुळे जमिनीबद्दल बोलताना त्यांचा आवाज जसा होतो तसाच माझ्या आजोबांचा व्हायचा.

इंग्रज माणूस आखडू असतो, शेजाऱ्याशी बोलत नाही, फक्त हवामानावर बोलतो, हे खरं का? (एक वाचक, पुणे)

बोलतात कमी हे खरं. पण हवामानावर बोलतात त्याला हसू नका हो. शेतकऱ्याने हवामानावर नाही बोलायचं तर कशावर बोलायचं? मृग लागला का, वळीव झाला का, आपण तेच करतो की. आजोबा सकाळी म्हणतात थोडा ओलावा आहे, म्हणजे बाहेर बदाबदा कोसळतोय. नॉट बॅड म्हणाले म्हणजे उत्तम चाललंय. बरं नाही म्हणाले तर मी पर्स उचलून थेट त्यांच्या घरी जाते, कारण एकदा 'जरासं बरं नाही' म्हणाले होते आणि न्यूमोनिया निघाला.

इथले रस्ते एका गाडीपुरते, दोन्ही बाजूंनी डोक्याएवढी हिरवी कुंपणं, समोरून गाडी आली की एकाला मागे जावं लागतं जिथे जरा रुंद जागा असेल तिथपर्यंत. मागे कोण जाणार हे कुणी बोलत नाही, ज्याला जागा जवळ तो जातो, आणि मग जाणारा स्टिअरिंगवरची एक तर्जनी उचलतो, हात नाही, नुसतं एक बोट. तेच नमस्कार, तेच धन्यवाद. मला ते बोट पहिल्यांदा आजोबांनी दाखवलं तेव्हा येऊन तीन महिने झाले होते, घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं होतं.

आणि मग २०१८ चा बर्फ. फेब्रुवारीच्या शेवटी पूर्वेकडून वारं सुटलं, सगळ्या देशात बर्फ, आमचे रस्ते कुंपणाच्या उंचीपर्यंत भरले. माझे दोन पेशंट इन्सुलिनवर, एक आजी ८८ वर्षांच्या, दोघांनाही रोज सुई टोचावी लागायची, आणि गाडी दारातून हलेना. सकाळी सहाला खाली ट्रॅक्टरचा आवाज. आजोबा. मी फोन केला नव्हता, कुणीच केला नव्हता. म्हणाले, चल, तुझ्या म्हाताऱ्यांकडे. त्यांचा मेंढ्यांचा विण्याचा हंगाम सुरू होता, रात्रभर जागे होते, डोळे लाल, तरी तीन दिवस रोज सकाळी मला ट्रॅक्टरवर बसवून नेलं आणि आणलं. वाटेत एक शब्द नाही. तिसऱ्या दिवशी मी थँक्यू म्हणायला लागले तर म्हणाले, वारं पडलंय. आणि गेले.

याच आजोबांनी २०१६ ला बाहेर पडायला मत दिलं होतं, बाहेरचे लोक फार आले असंही ते पबमध्ये बोलले होते, मला दुसऱ्यांकडून कळलं. मी ते मनात ठेवलं नाही, सरळ विचारलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, तुझ्याबद्दल नव्हतं ते. मी म्हटलं माझ्याबद्दलच होतं, मी बाहेरचीच आहे, आणि तुमच्या कत्तलखान्यातले डॉक्टर युरोपातून येतात, फळं तोडायला माणसं मध्य आशियातून येतात, मेंढ्या कातरायला न्यूझीलंडची पोरं येतात. हो म्हणाले, खरं आहे. त्यांनी मत बदललं का मला सांगता येणार नाही, पण नंतर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी करार झाले, २०२३ पासून तिकडचं मटण आणखी सोपं आत यायला लागलं तेव्हा ते स्वतःहून म्हणाले, हे काही मी मागितलं नव्हतं.

ताई, मी धनगर आहे, आमचा वाडा वर्षातले आठ महिने बाहेर असतो. तिकडची मेंढरं कशी पाळतात, सविस्तर लिहा. (एक वाचक, म्हसवड)

दादा तुमचं पत्र मी आजोबांना वाचून दाखवलं, इंग्रजीत सांगत सांगत, आणि त्यांनी विचारलं आठ महिने बाहेर तर रात्री लांडगा आला तर काय करतात. इथे लांडगा शेकडो वर्षांपूर्वी संपला. तुमचं उत्तर आलं की मी त्यांना सांगेन.

इथे मेंढरं चालत नाहीत, कुंपणात असतात. एका रानातलं गवत संपलं की दुसऱ्या रानात. मेंढा शरद ऋतूत सोडतात, ऑक्टोबर-नोव्हेंबर, म्हणजे पाच महिन्यांनी नवीन गवत फुटतं तेव्हा कोकरू येतं. आता गंमत ऐका, मेंढ्याच्या छातीला पट्टा बांधतात आणि त्यात रंगाची वडी असते. तो ज्या मेंढीवर चढला तिच्या पाठीला रंग लागतो. साधारण सोळा-सतरा दिवसांनी वडीचा रंग बदलतात, आधी पिवळा, मग लाल, मग निळा, कारण मेंढी तेवढ्या दिवसांनी पुन्हा माजावर येते. पिवळी पाठ आधी विणार, निळी शेवटी, आणि जिच्या पाठीवर तिन्ही रंग तिचं काहीतरी बिनसलंय. जानेवारीच्या सुमाराला माणूस येऊन सोनोग्राफी करतो, पोटात एक का दोन का तीन, तसा वरून स्प्रे मारतो, दोनवालीला खाणं जास्त.

विण्याच्या दिवसांत मी रात्री मदतीला जाते, पहिल्यांदा गेले ती नर्स म्हणून कौतुकाने, आता दरवर्षी जाते. मोठी शेड, पेंढ्याचा वास, एक पिवळा बल्ब. एका रात्री एका मेंढीचं कोकरू मेलेलं आलं आणि शेजारच्या खणात दुसरीला तीन झाली होती. मेंढीला दोनच सड, तिसरं उपाशी राहतं. आजोबांनी चाकू घेतला, मेलेल्या कोकराचं कातडं असं अलगद काढलं जसं आपण लहान पोराचा स्वेटर काढतो, चार पायांची चार भोकं, आणि ते ओलं कातडं त्या तिसऱ्या कोकराच्या अंगावर घातलं. मग ते कोकरू त्या आईपुढे ठेवलं. तिने हुंगलं, परत हुंगलं, शेपटीकडून हुंगलं, आणि घशातून तो बारीक आवाज काढला जो फक्त स्वतःच्या पिलासाठी काढतात, आणि पिऊ दिलं. दोन-तीन दिवसांनी कातडं काढून टाकलं, तोपर्यंत तिचंच दूध त्याच्या पोटात गेलेलं असतं म्हणजे वास तिचाच. मी हॉस्पिटलात बाळंतपणं पाहिलेली बाई पण त्या रात्री घरी येऊन मला झोप लागली नाही. चीक मात्र पहिल्या काही तासांत पोटात गेलाच पाहिजे, नाही गेला तर आजोबा नळीने पाजतात, त्यांचा हात त्या बाबतीत आमच्या वॉर्डातल्या कुणाहीपेक्षा हलका आहे.

कुत्रं एकच, बॉर्डर कॉली जातीचं. शब्द ठरलेले. 'कम बाय' म्हटलं की ते कळपाला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळसा घालतं, 'अवे' म्हटलं की उलटं, आणि काम झालं की 'दॅटल डू', म्हणजे पुरे बाळा.

लोकरीचं विचारलंत, त्याचं वाईट वाटतं मला. याच लोकरीवर जुनी गावं श्रीमंत झाली, चर्चं बांधली. आता कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या पैशात निघत नाही, २०२० ला करोनात भाव इतका पडला की काही शेतकऱ्यांनी लोकर शेतात कुजवली. आपल्याकडेही दख्खनी लोकरीची तीच गत ना.

आमच्याकडे शिवाररस्त्यावरून भाऊ-भाऊ कोर्टात जातात. तिकडे म्हणे कुणाच्याही शेतातून लोक फिरायला जातात? शेतकरी सहन कसा करतो? (एक वाचक, निफाड)

कुणाच्याही शेतातून नाही, ठरलेल्या पायवाटेवरून. पण त्या वाटा इतक्या आहेत की तसंच वाटतं, इंग्लंड आणि वेल्स मिळून सव्वादोन लाख किलोमीटर. लोक पूर्वी चर्चला, गिरणीला, शेजारच्या गावाला जायचे त्या या वाटा, १९४९ च्या कायद्याने त्या नकाशावर कायमच्या नोंदवायला लावल्या. जमीन शेतकऱ्याची, चालायचा हक्क सगळ्यांचा, आणि वाटेत नांगर घातला तर ठराविक दिवसांत ती वाट परत करून द्यावी लागते. हे सहज मिळालं नाही. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टर, शेफिल्डचे कामगार शेकड्याने किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर चढले, तो शिकारीसाठी बंद ठेवलेला होता, त्यातल्या काहींना तुरुंगात टाकलं. मला ती गोष्ट फार आवडते, गिरणी कामगारांनी चालण्यासाठी केलेला सत्याग्रह.

आजोबांच्या दोन रानांतून अशी वाट जाते. त्यांचं म्हणणं, चालणारे चालू देत, माझा बाप पण त्याच वाटेने शाळेत गेला, पण कुत्रं दोरीला बांधा आणि फाटक जसं होतं तसं ठेवा. उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद. एकदा वीकेंडला शहरातून आलेल्यांनी भलेपणाने एक उघडं फाटक बंद केलं, उन्हाळा होता, मेंढ्यांची पाण्याची वाट तुटली, संध्याकाळी कळलं. एका सुट्या कुत्र्याने तर पोटुशा मेंढ्या पळवल्या, चावला एकीलाही नाही, नुसतं पळवलं, आणि आठवड्यात सहा गाभडल्या. त्या दिवशी आजोबा कुंपणाला टेकून उभे होते, मी चहा नेला तो तसाच गार झाला.

ही कुंपणं म्हणजे काटेरी झुडपांची, हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्न, हेझल. हिवाळ्यात खोड बुंध्याशी जवळजवळ पूर्ण तोडतात, थोडी साल राखतात आणि आडवं निजवतात, त्यातून वसंतात सरळ फुटवे येतात आणि भिंत होते. १ मार्च ते ३१ ऑगस्ट छाटायचं नाही, पक्ष्यांची घरटी असतात, आता तो कायदाच आहे. मॅक्स हूपर नावाच्या शास्त्रज्ञाचा एक ठोकताळा आहे, तीस यार्डांत जितक्या जातींची झाडं तितकी शतकं कुंपणाचं वय. आम्ही आजोबांच्या खालच्या रानाचं मोजलं, मी, माझा मुलगा आणि ते, सात निघाल्या. आजोबा म्हणाले, म्हणजे आम्हीच नवीन.

कोल्ह्याची शिकार, घोडे, लाल कोट हे सगळे करतात का? (एक वाचक, मुंबई)

कुत्र्यांच्या टोळीने कोल्हा मारायला २००४ च्या कायद्याने बंदी आली, फेब्रुवारी २००५ पासून लागू. लाल कोटवाले म्हणजे गावातले पैसेवाले, आजोबांकडे कधी घोडा नव्हता. तरी ते बंदीच्या विरोधात होते, २२ सप्टेंबर २००२ ला लंडनमध्ये चार लाखांवर खेड्यातली माणसं जमली होती त्यात ते होते, ती त्यांची लंडनची दुसरी खेप. म्हणतात आमच्याबद्दल आम्हाला न विचारता ठरवलं. माझं आणि त्यांचं इथे जमत नाही. कोल्हा कोकरू नेतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय, त्याला गोळी घाला, पण तीस कुत्री मागे लावून फाडायला लावणं याला मी कधीच हो म्हणणार नाही, आणि त्यांना तसं सांगितलंय.

त्या लोकांना त्यांच्या पूर्वजांनी आपल्याकडे काय केलं हे माहीत तरी आहे का? (एक वाचक, देवगड)

देवगडहून हा प्रश्न यावा याचं मला विशेष वाटलं. रॉबर्ट क्लाइव्ह आमच्याच श्रॉपशायरचा, १७२५ ला इथे जन्मला, श्रूजबरीच्या चौकात त्याचा पुतळा उभा आहे. आणि प्लासीच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, हाच क्लाइव्ह अ‍ॅडमिरल वॉटसनच्या आरमाराबरोबर तुमच्या विजयदुर्गावर होता. तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं ते तेव्हा, आणि पेशव्यांनी आधी इंग्रजांशीच हातमिळवणी केली होती हेही आपण लपवू नये. किल्ल्यातली लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली.

आजोबांना यातलं काही माहीत नव्हतं. शाळेत क्लाइव्ह शिकवला तो शूर म्हणून, बस. मी त्यांना फोनवर विजयदुर्गाचे फोटो दाखवले, तीन तट, खाली समुद्र. ते चष्मा लावून बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, इथून निघून तिकडे जायचं कारणच काय होतं त्याला. मी म्हटलं पैसा. हं, म्हणाले.

त्याच्या पुढच्या नोव्हेंबरची गोष्ट. इथे ११ नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारी सगळं गाव युद्धाच्या स्मारकापाशी जमतं, अकरा वाजता दोन मिनिटं शांत, कोटावर लाल पॉपीचं फूल. आमच्या एवढ्याशा गावच्या दगडावर पहिल्या महायुद्धाची चौदा नावं आहेत, त्यातलं एक आजोबांच्या आजोबांच्या धाकट्या भावाचं. मी त्यांना माझ्या आजोळच्या चावडीतल्या संगमरवरी पाटीचा फोटो दाखवला. सातारा भागात, कोकणात अशा पाट्या कितीतरी गावांत आहेत, या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या युद्धाला गेले, त्यातले इतके मेले. अपशिंगे मिलिटरीचं नाव तर सगळ्यांना ठाऊक. आजोबांनी विचारलं, नावं कुठेत? नावं नाहीत, फक्त आकडा. ते म्हणाले, हे बरोबर नाही. दोनदा म्हणाले. आणि त्या रविवारी पाद्रीणबाईंनी गावची चौदा नावं वाचून संपवली तेव्हा आजोबांनी सगळ्यांसमोर, जे कधी चार लोकांत तोंड उघडत नाहीत त्यांनी, माझ्या आजोळचं नाव घेतलं. उच्चार चुकला थोडा. मला रडू आवरलं नाही.

रिटायर झाल्यावर मुलाकडे इंग्लंडला जायचंय, खेड्यात राहावं का शहरात? (एक वाचक, ठाणे)

काका, गाडी चालवता येत असेल आणि एकटेपणाची भीती नसेल तरच खेडं. आमच्याकडे बस आठवड्यातून दोनदा. गॅसची लाइन नाही, घर गरम करायला मागे टाकी असते, त्यात तेल भरून घ्यायचं, ते तेल म्हणजे चक्क आपलं रॉकेल, हिवाळ्याआधी टाकी भरली नाही तर हाल. डिसेंबरात चारला अंधार. गावात एकही दिवा नाही रस्त्यावर, पॅरिश कौन्सिलमध्ये, म्हणजे इथली ग्रामपंचायतच, १८९४ च्या कायद्याने आलेली, दिवे लावायचा विषय निघाला होता तर लोकांनीच नको म्हटलं, तारे दिसतात ते बरे. मी आता त्या कौन्सिलवर आहे, मानधन काही नाही, निवडणूक पण झाली नाही कारण जागाच रिकामी होती. आम्ही खड्डे, नाल्या आणि कुत्र्यांची घाण यावर महिन्यातून एकदा दोन तास बोलतो आणि मला ते काम मनापासून आवडतं.

घरं महाग झालीत, शहरवाले सुट्टीसाठी घेऊन ठेवतात. आमच्या गल्लीत अकरा घरं, हिवाळ्यात सहांमध्ये दिवा लागतो. आता एप्रिल २०२५ पासून अशा दुसऱ्या घरांवर कौन्सिलला दुप्पट घरपट्टी लावायची मुभा आहे, बरं झालं. आजोबांच्या मुलाला गावात घर परवडलं नाही म्हणून तो बर्मिंगहॅमला गेला, इलेक्ट्रिशियन आहे, शेती करेल असं वाटत नाही.

पण ऑगस्टमध्ये गावच्या हॉलमध्ये भाज्यांचं प्रदर्शन भरतं त्या दिवशी जरूर या. एका ताटलीत सारख्या लांबीच्या शेंगा, पट्टीने मोजतात, कांदे दोऱ्याने बांधलेले, आणि चटणीचा वेगळा वर्ग असतो हो, चटणी हा शब्दच आहे. त्यांची चटणी म्हणजे गोड, व्हिनेगर घालून मुरवलेली. मी जवसाची कोरडी चटणी ठेवली, परीक्षक बाईंनी कार्डावर लिहिलं, ही चटणी नाही पण फार चांगली आहे, आणि दुसरा नंबर दिला. आजोबा ती आता चीज सँडविचमध्ये घालतात.

एवढी वर्षं एकमेकांशेजारी राहून तुम्ही त्यांना आपल्याकडचं काय दिलंत? (एक वाचक, दहिवडी)

चटणी सोडली तर एक घोंगडी. मागच्या वेळी माणला आले तेव्हा गावच्या सणगराकडून घेतली, काळी, हातमागाची, जड. आजोबांनी ती आधी नाकाला लावली, मग बोटांत एक धागा धरून पिळून पाहिला, मग उलटी करून किनार पाहिली आणि विचारलं, कुठली मेंढी? मी म्हटलं दख्खनी, वर्षातून दोनदा कातरतात. २००१ साली पाय-तोंडाचा रोग, म्हणजे आपली लाळ-खुरकूत, देशभर पसरला तेव्हा साठ लाखांवर जनावरं मारली, सैन्य बोलवावं लागलं, निवडणूकसुद्धा महिनाभर पुढे ढकलली, आणि आजोबांचा कळप वाचला पण पलीकडच्या डोंगरावर त्यांच्या मित्राचा जाळला, तेव्हापासून बाहेरची कुठलीही लोकर, कातडं ते शेडजवळ येऊ देत नाहीत. म्हणून घोंगडी शेडमध्ये नेत नाहीत. घरात, चुलीजवळच्या लाकडी खुर्चीवर असते, विण्याच्या दिवसांत रात्री दोनच्या आणि चारच्या फेरीच्या मध्ये तिथे बसून गुडघ्यावर घेतात. खाली कुत्रं. घड्याळ साडेतीनला लावलेलं.